ब वर्गाचं गुलाबी पाणी

ऑल्फोर्सच्या शाळेत बुधवारी गुनवोर यायची. अंगात पांढरा कोट, ढकलगाडीवर दोन मोठे कॅन आणि कागदी पेल्यांची चवड. पोरं तिला फ्लोराईडकाकू म्हणायची. तिनं "घ्या" म्हटलं की वर्गातले सगळे गाल एकदम फुगायचे, आणि ती घड्याळाकडे बघत बाकांमधून फिरायची. "गिळायचं नाही हं. येन्स, तुलाच सांगतेय." मग सगळे ओळीनं बादलीत थुंकायचे. एवढ्या शिस्तीत थुंकणारी माणसं जगात दुसरीकडे कुठे असतील असं वाटत नाही.

आधी ती कागद गिरणीच्या कॅन्टीनमध्ये बटाटे सोलायची. नवरा गेल्यावर वीस वर्षं तेच. मग दंतवैद्यकीच्या कॉलेजातून डॉक्टर ह्युल्ट गावात आले, त्यांना गावातलीच, पोरांना आणि आयांना ओळखणारी बाई हवी होती, आणि गुनवोरच्या अंगात कोट आला. कोट अंगात आला की माणूस आपोआप ताठ चालतो. गिरणीत जे फोरमन तिच्याकडे न बघता ताट पुढे करायचे, तेच आता रस्त्यात टोपी उचलायला लागले.

त्या वर्षांत स्वीडनमध्ये नवीनच टूम निघाली होती. सगळ्यांनी सगळ्यांना अरे-तुरे करायचं. पहिल्याच दिवशी डॉक्टर पाइप झटकत म्हणाले, "डॉक्टर-बिक्टर नको. लेन्नार्ट म्हण. आपण दोघं एकाच कामातले." गुनवोरला त्या रात्री झोप लागली नाही, इतकं बरं वाटलं. एकमेकांना अरे-तुरे केल्यानं दोरी कुणाच्या हातात आहे ते बदलत नाही, हे तिला बऱ्याच उशिरा कळलं.

डॉक्टरांचं काम असं. पहिलीचे दोन वर्ग घ्यायचे. तीन वर्षं दर बुधवारी एका वर्गाला फ्लोराईडच्या गुळण्या, दुसऱ्याला साध्या पाण्याच्या. रंग दोन्हींचा गुलाबी, चव दोन्हींची पुदिन्याची. वर्षातून एकदा बाहेरगावचा दंतवैद्य येऊन दात तपासणार. कुठल्या वर्गाला काय मिळतंय याचा त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. घरी कुणी मुलांना फ्लोराईडच्या गोळ्या देत असेल तर त्या बंद करायच्या, नाहीतर हिशेब लागणार नाही. घरोघर पत्र गेलं. त्यात 'दोन प्रकारच्या गुळण्यांची तुलना' असं लिहिलं होतं. पाणी हा शब्द नव्हता. ज्यांना नको असेल त्यांनी खालची पट्टी फाडून शाळेत पाठवावी. पट्टी आली नाही तर होकार समजला जाईल.

आता पट्टी कोण पाठवणार? ऑल्फोर्समध्ये शाळेच्या कागदाला नाही म्हणणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी मारणं. एकाही घरातून पट्टी आली नाही. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "बघ, किती समजूतदार लोक!" लोक समजूतदार होते की नुसतेच गप्प होते, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

विचारायला आली ती एकटी आयला. फिनलंडहून आलेली, नवरा तौनो गिरणीत लगद्याच्या विभागात, मुलगी रैया पहिलीत. मुलांचे ओले कोट आणि हातमोजे टांगलेल्या बोळात ती पत्र हातात धरून उभी होती.

"बाई, हे काय लिहिलंय तेवढं सांगता? माझं स्वीडिश गिरणीपुरतंच आहे."

"बाई नको गं, गुनवोर म्हण. आणि 'सांगता' नको, 'सांगतेस' म्हण. आता तसंच बोलतात सगळे."

"बरं. सांगतेस?"

"मुलांच्या दातांसाठी आहे. दर बुधवारी फ्लोराईडच्या गुळण्या. मीच देणार."

आयलाचा चेहरा उजळला, पण लगेच तिनं विचारलं, "आणि गोळ्या? रैयाला मी रोज सकाळी देते. बालदवाखान्यातल्या नर्सनं दिल्यात. एक दिवस चुकवला नाही."

"त्या आता बंद करायच्या. शाळेत देणारच आहोत. दोन्हीकडून झालं तर दातांवर डाग पडतात."

यातलं डागांचं खोटं नव्हतं. डॉक्टरांनी तिला असंच सांगितलं होतं, आणि कुठला वर्ग कशाचा याच्या चिठ्ठ्या अजून टाकायच्या होत्या. पण दोन वर्गांतल्या एकाला नुसतं पाणी मिळणार हे गुनवोरला माहीत होतं, आणि ते तिनं सांगितलं नाही. समोरची बाई इतक्या आशेनं बघत होती की सांगायला जीभ उचलेना.

आयला हसली तशी तिनं पटकन हात तोंडावर नेला. गुनवोरच्या लक्षात आलं. तिशीतली बाई, आणि तोंडात कवळी.

"अठराव्या वर्षी काढले सगळे," आयला म्हणाली. "एकाच दिवशी. लग्न ठरलं, तर वडिलांनी आहेर म्हणून कवळी करून दिली. पुढे जावयाला खर्च नको. बरेचसे चांगले होते गं. वडील म्हणाले, आता जन्माची कटकट मिटली."

"माझ्या थोरल्या बहिणीलाही असाच आहेर झाला होता," गुनवोर म्हणाली.

"मग तुला कळेल. मला दुसरं काही नको. हिचे दात हिच्याच तोंडात म्हातारे झाले पाहिजेत. बस."

"होतील की! त्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"मग मी काय करू? सही?"

"काही करायचं नाही. पत्र घरी ठेव. गप्प बसलीस की झालं."

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या. अ वर्गाला औषध, ब वर्गाला पाणी. रैया ब मध्ये होती.

गुनवोर तशीच डॉक्टरांकडे गेली. "लेन्नार्ट, एका पोरीला ब मधून अ मध्ये घेता येईल का?"

"कोण? तुझ्या नात्यातली?"

"नाही. फिनिश आहे. तिच्या आईनं गोळ्या चालू ठेवल्या होत्या, त्या मी बंद करायला लावल्या."

"तू नाही, आपण. आणि सगळ्यांच्याच केल्यात." डॉक्टर आवाज न चढवता बोलत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. "आज एकीला हलवलं की उद्या दुसरी येईल. मग सगळे आकडे चुलीत घालायचे. तीन वर्षांनी या देशातल्या प्रत्येक मुलाला हे औषध मिळेल, गुनवोर, ते या ब च्या मुलांमुळे. त्यांचं आपण काय काढून घेतोय? आपण आलोच नसतो तर त्यांना काय मिळणार होतं?"

इतरांना काही नसेल मिळणार. रैयाला गोळी मिळणार होती. हे उत्तर गुनवोरच्या अगदी ओठांवर आलं. पण समोर शिकलेला माणूस, आणि अंगात त्यानंच दिलेला कोट.

"ही गोष्ट तुला, मला आणि हेडमास्तरांना माहीत. तुझ्यावर माझा विश्वास आहे. शब्द दे."

तिनं शब्द दिला. मंगळवारी शाळेच्या स्वयंपाकघरात ती स्वतः दोन्ही कॅन भरायची. एकात पांढरी पूड, रंग आणि पुदिना. दुसऱ्यात रंग आणि पुदिना.

ब वर्गात गेलं की तिची नजर रैयावर जायची. सगळी पोरं थुंकून मोकळी झाली तरी ही गाल फुगवून बसलेली असायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"थुंक आता, रैया. वेळ झाली."

बादलीत थुंकून तोंड पुसत रैया म्हणाली, "आई म्हणते जास्त वेळ धरलं की जास्त लागू पडतं. खरं ना, काकू?"

"हो," गुनवोर म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

दुसऱ्या वर्षीच्या तपासणीला ओवे नावाचा तरुण दंतवैद्य आला होता. रैयाच्या नव्या दाढा, ज्या माणसाला जन्मभर पुरवायच्या असतात त्या, चारही किडल्या होत्या. त्यानं आयलाला बोलावून घेतलं. रैयाच्या दातांचं कार्ड हातात घेऊन गुनवोर बाजूला उभी होती.

या देशात मूल चालायला लागायच्या आधी शनिवारचा खाऊ म्हणजे काय ते शिकतं. आठवडाभर गोड काही नाही. शनिवारी काय ते एकदाच, पोटभर. ओवेनं आरसा पुसत विचारलं, "शनिवार आठवड्यातून एकदा येतो, आई. तुमच्या घरी रोज येतो का?"

"एकदाच देते. बाकीचे दिवस कपाटाला कुलूप असतं."

"मग किल्ली कुणाकडे असते ते बघ," तो हसून म्हणाला. "हे तोंड खोटं बोलत नाही. तुम्ही नव्यानं आलेली माणसं, मला समजतं, तुमच्याकडे कॉफीसुद्धा साखरेचा खडा दातात धरून पितात. पण मुलांना तरी सोडा."

"मी देत नाही," आयला पुन्हा म्हणाली. तिचं स्वीडिश संपलं होतं. तिनं गुनवोरकडे पाहिलं. ही ओळखीची, ही आपल्या बाजूनं दोन शब्द बोलेल, म्हणून पाहिलं. गुनवोर कार्डाकडे बघत राहिली.

आयलाच्या घरात मग शनिवार बंद झाला. वाढदिवसाचा केकही बंद झाला. तौनोची आई फिनलंडहून पार्सल पाठवायची, ती तिनं न उघडता परत केली. त्यावरून तौनो आणि ती महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. शाळेत कुणीतरी उठवलं की रैया कॅन्टीनमधले साखरेचे खडे चोरते. गावात अफवेला पाय लागत नाहीत, तिला सायकल मिळते.

एका रविवारी दुपारी आयला गुनवोरच्या दारात उभी. डोळे सुजलेले. गुनवोरनं तिला आत घेतलं, कॉफी ठेवली, बन पुढे केले. आयलानं बनला हात लावला नाही.

"खरं सांग मला. तू शाळेत असतेस. पोरं देतात का तिला काही? खाते का ती चोरून?"

"मी तरी नाही पाहिलं."

"काल साखरेच्या डब्याचं झाकण उघडं दिसलं. मी मारलं तिला. पट्ट्यानं मारलं, गुनवोर. माझ्या बापानं मला कधी मारलं नाही. ती म्हणते, आई, मी नाही खाल्ली. शेवटपर्यंत तेच म्हणत होती. तौनो म्हणतो पोरगी खोटारडी निघाली." तिनं डोळे पुसले. "मग ती खोटारडी आहे का गं? दात तर किडलेत. दात कशानं किडले मग?"

कशानं, ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. गुनवोर कॉफी ओतत राहिली, कप भरून बशीत सांडेपर्यंत. अजून एकच वर्ष राहिलंय, तिला वाटलं. सांगितलं तर ही बाई उद्या शाळेत जाईल, परवा ब वर्गातल्या सगळ्या आया जातील, डॉक्टरांची दोन वर्षं पाण्यात, दिलेला शब्द पाण्यात. आणि आपण पुन्हा कॅन्टीनमध्ये. हे शेवटचं तिनं स्वतःशीसुद्धा हळूच म्हटलं, पण सगळ्यांत जड तेच होतं. तिचा तिलाच संताप आला.

"आयला, ती गोळी..."

"काय?"

"काही नाही. मारू नकोस तिला. मी लक्ष ठेवते."

आयलानं तिचा हात हातात घेतला. "तू आहेस म्हणून बरं आहे. इथं दुसरं कोण आहे मला!"

तिसऱ्या वर्षी रैयाची एक दाढ काढावी लागली. भोक फार खोल गेलं होतं. तेव्हाही आयलालाच समज मिळाली, तेव्हाही गुनवोर कार्ड धरून उभी होती. आणि रैया बुधवारी गाल फुगवून बसायचीच, आता एका बाजूनं, कारण दुसरीकडची जखम दुखत होती.

उन्हाळ्याच्या सुटीआधी शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा झाली. कॉफी होती, दालचिनीचे बन होते. डॉक्टरांनी पडद्यावर दोन उभ्या पट्ट्या दाखवल्या, एक लांब, एक आखूड. "अ वर्गात किडलेले दात ब च्या निम्म्याहून कमी," ते म्हणाले. त्यांना खरोखर गहिवरून आलं होतं. "पुढच्या वर्षापासून जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत हे औषध सुरू होतंय. याचं श्रेय तुमच्या मुलांना आहे, आणि विशेषतः ब वर्गाला. त्यांच्याशिवाय आपल्याला काहीच कळलं नसतं."

टाळ्या झाल्या. ब च्या आईबापांनीही वाजवल्या. चांगल्या कामात आपल्या घरचाही हातभार लागला, असं त्यांना वाटलं असेल. कुणाला काही टोचलं असेल तर त्यानं ते कॉफीबरोबर गिळलं.

मागच्या रांगेतून आयला उठली. रैया तिच्या शेजारी होती. "ब ला काय होतं?"

"पाणी," डॉक्टर म्हणाले. "साधं, स्वच्छ पाणी. कसलाही अपाय नाही."

"हे कुणाला माहीत होतं?"

डॉक्टरांना तो प्रश्न कौतुकाचा वाटला. "अहो, तेच तर! हेडमास्तर, मी आणि आपली गुनवोर. तीन वर्षं दर आठवड्याला तिनं स्वतःच्या हातानं दोन्ही कॅन भरले, आणि एक शब्द बाहेर जाऊ दिला नाही. असा माणूस मिळायला नशीब लागतं. गुनवोर, उभी राहा ना जरा."

गुनवोर उभी राहिली. सगळ्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. आयला खाली बसली. रैयाचं डोकं दोन्ही हातांत धरून ती फिनिशमध्ये काहीतरी बोलली, पुन्हा पुन्हा तेच बोलली. पोरीनं नुसती मान हलवली. तौनोशिवाय तिथं फिनिश कुणाला येत नव्हतं. गुनवोरलाही येत नव्हतं, पण तिला सगळं कळलं.

डॉक्टर पुढे सांगत होते. पुढच्या बुधवारपासून ब वर्गालाही औषध मिळेल. मुलं वीस वर्षांची होईपर्यंत सगळ्यांचे दात दर वर्षी तपासायचे, जगात कुठे झालं नाही असं काम होईल. "कुणाला नको असेल तर हात वर करा."

आयलानं हात वर केला.

माना वळल्या. कुणीतरी कुजबुजलं, "तीन वर्षं पाणी घेतलं, आता खरं मिळतंय तर नको म्हणते. फिनिश डोकं!" तौनोनं बायकोची बाही ओढली. हात खाली आला नाही. डॉक्टरांनी कारण विचारलं. तिनं रैयाला आणखी जवळ ओढलं. मग त्यांनी गुनवोरला खूण केली, आणि त्यांच्या वहीत रैयाच्या नावावर काट मारायचं काम तिच्याकडेच आलं.

सभा संपल्यावर कोट टांगायच्या त्या बोळात गुनवोरनं तिला गाठलं. "आयला, ऐकून तरी घे."

"गोळ्या तू बंद करायला सांगितल्यास."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं?"

"रैयाचा वर्ग पाण्याचा, हे तेव्हा नव्हतं माहीत. दुसऱ्या दिवशी कळलं."

"दुसऱ्या दिवशी," आयला म्हणाली. "म्हणजे त्या एका दिवशी तेवढं तुला माहीत नव्हतं, एवढंच. मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून रडले, तेव्हा तुला माहीत होतं. मी तिला मारलं हे तुला सांगितलं, तेव्हा माहीत होतं. पोरगी खरं बोलत होती, आणि ते जगात एकट्या तुला माहीत होतं."

"मी शब्द दिला होता."

"मलापण दिला होतास."

गुनवोरला रडू फुटलं. आयलानं ते पाहिलं, पण तिला दया आली नाही, आणि का यावी? गुनवोर कशीबशी म्हणाली, "निदान गोळ्या तरी पुन्हा सुरू कर. मी नर्सला सांगते, आजच सांगते."

"त्या गोळ्यांत काय आहे ते मला कोण सांगणार? तू?"

तिनं रैयाला कोट घातला आणि ती निघून गेली.

पुढच्या बुधवारी दोन्ही कॅनमध्ये पांढरी पूड होती. ब वर्गात गुनवोरनं पेले वाटले. रैया न सांगताच उठली आणि बाहेर बोळात जाऊन खिडकीपाशी उभी राहिली. वर्गाच्या बाईंनी तिला जाऊ दिलं. तसं ठरलंच होतं. मुलांच्या तोंडात औषध गेल्यावर गुनवोर एक भरलेला पेला घेऊन बाहेर आली आणि तिच्यापुढे वाकली.

"रैया, हे खरं आहे. आज खरंच खरं आहे. पटकन घे, बाळ. तुझ्या राहिलेल्या दातांसाठी घे."

रैयानं पेल्यात पाहिलं. रंग तोच होता. तिनं हात मागे घेतले.

"मी आईला नाही सांगणार," गुनवोर म्हणाली.

"तू कुणालाच काही सांगत नाहीस, काकू," रैया म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दहा वर्षांच्या पोरीला जे दिसलं होतं ते तिनं सांगितलं. मग ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

आत बाकीची मुलं गाल फुगवून दाराकडे बघत होती. गुनवोर पेला हातात घेऊन तशीच वर्गात गेली आणि त्यांना म्हणाली, "थुंका."